‘१६०’ म्हणजे किती? औषध-नोंदीच्या पडद्याची समीक्षा



आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी आम्हांला विचारलं, की रुग्णालयातल्या सॉफ्टवेअरची कसली समीक्षा करता? समीक्षा पुस्तकाची होते, नाटकाची होते, फार तर चित्रपटाची. आमचं उत्तर असं, की डॉक्टर ज्या पडद्यावर औषधाची ऑर्डर भरतात तो पडदा हासुद्धा कुणीतरी लिहिलेला मजकूर आहे. कुठला रकाना आधी, कुठला नंतर, कुठे काय आधीच भरून ठेवायचं, काय लपवायचं, हे सगळं कुठल्यातरी बैठकीत ठरलेलं असतं. हा मजकूर चुकीचा वाचला गेला, तर त्याची किंमत वाचणारा मोजत नाही, लिहिणाराही मोजत नाही. ती खाटेवरचा माणूस मोजतो. पुस्तकाच्या बाबतीत असं सहसा होत नाही, म्हणून या मजकुराची समीक्षा जरा जास्तच कडक असावी असं आम्हांला वाटतं.

आज मुख्यतः एकाच रकान्याबद्दल बोलायचं आहे. डोसच्या रकान्याबद्दल.

जुलै २०१३. सॅन फ्रान्सिस्कोमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठाचं रुग्णालय. ही हकिकत आपल्याला कळते ती रॉबर्ट वॉक्टर यांच्या ‘द डिजिटल डॉक्टर’ या २०१५ साली आलेल्या पुस्तकामुळे. वॉक्टर त्याच रुग्णालयातले ज्येष्ठ डॉक्टर. आपल्याच घरातली चूक इतकी तपशीलवार, संबंधितांशी बोलून, उघडपणे मांडणं ही साधी गोष्ट नाही. पुढे आम्ही या पुस्तकाशी थोडा वाद घालणार आहोत, पण ते ऋण आधी मान्य करून.

सोळा वर्षांचा एक मुलगा तपासणीसाठी दाखल झाला होता. त्याला जन्मजात दुर्मीळ आजार, त्यामुळे औषधांची यादी लांबलचक. त्यातलं एक औषध म्हणजे सेप्ट्रा. आपल्याकडे हेच मिश्रण सेप्ट्रान किंवा बॅक्ट्रिम या नावांनी मिळतं, तुमच्यापैकी अनेकांनी घेतलं असेल. यात दोन औषधं असतात. मोठ्या ताकदीच्या गोळीत ट्रायमेथोप्रिम १६० मिलिग्रॅम आणि सल्फामेथॉक्सॅझोल ८०० मिलिग्रॅम. डोस सांगताना ट्रायमेथोप्रिमचाच आकडा सांगायचा असा रिवाज. मुलगा घरी रोज दोन वेळा एकेक गोळी घेत होता. म्हणजे १६० मिलिग्रॅम, दोन वेळा. इतकं साधं.

आता पडदा बघा. रुग्णालयाचा नियम असा, की ४० किलोंपेक्षा कमी वजनाच्या रुग्णाचा डोस वजनाच्या हिशोबाने भरायचा. मुलांच्या बाबतीत हा नियम शहाणपणाचाच आहे. या मुलाचं वजन होतं ३८.६ किलो. दीड किलो जास्त असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. निवासी डॉक्टरने किलोमागे ५ मिलिग्रॅम असा डोस भरला. संगणकाने गुणाकार केला: १९३ मिलिग्रॅम. अशी गोळी बाजारात नाही, जवळची गोळी १६० ची. आता दुसरा नियम आडवा आला. डोस पाच टक्क्यांहून जास्त बदलत असेल, तर फार्मासिस्टने परस्पर जवळचा आकडा धरायचा नाही, डॉक्टरकडून ऑर्डर पुन्हा मागवायची. फार्मासिस्टने नियम पाळला. निरोप पाठवला, की योग्य डोस १६० मिलिग्रॅम आहे, कृपया पुन्हा ऑर्डर करा.

डॉक्टरने ऑर्डर उघडली, डोसच्या रकान्यात १६० लिहिलं, आणि स्वीकारलं.

शेजारचा एककाचा रकाना मात्र ‘मिलिग्रॅम प्रति किलो’ यावरच होता. तो तिने निवडला नव्हता. वजन चाळीसच्या खाली असल्यामुळे पडद्याने स्वतःच तो लावला होता. मग १६० गुणिले ३८.६, म्हणजे ६,१७६ मिलिग्रॅम. गोळ्यांच्या हिशोबात साडेअडतीस. दोन्हीकडे इशारे आले, डॉक्टरकडेही आणि फार्मासिस्टकडेही. दोघांनी ते बाजूला सारले. औषधं बांधणाऱ्या महागड्या रोबोने साडेअडतीस गोळ्या बिनचूक मोजून पुड्या बांधल्या. नेहमीच्या वॉर्डाबाहेर काम करणाऱ्या परिचारिकेला आकडा विचित्र वाटला. तिने बारकोड तपासला. बारकोड म्हणाला, ऑर्डर बरोबर आहे. मुलाने गोळ्या घेतल्या. काही तासांनी त्याला जोराची फिट आली, श्वास थांबला. सुदैवाने तो वाचला.

एक गोष्ट आम्हांला फार उशिरा लक्षात आली. गोळी १६० ची आणि रकान्यात लिहिलेला आकडाही १६०, तेव्हा गुणाकार करा किंवा करू नका, गोळ्यांची संख्या ही त्या मुलाच्या वजनाइतकीच येणार. ३८.६ किलो, साडेअडतीस गोळ्या. म्हणजे पडदा डॉक्टरला खरं तर असं विचारत होता: ‘शरीराच्या प्रत्येक किलोला एक पूर्ण गोळी देऊ का?’ हा प्रश्न या शब्दांत विचारला असता, तर वैद्यकीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा नाही म्हणाला असता. पण पडद्याने तो या शब्दांत विचारला नाही.

फार्मासिस्टच्या निरोपात काय होतं? ‘१६० मिलिग्रॅम.’ आकडा आणि एकक एकत्र, जसे आपण बोलताना ठेवतो. ‘दोन किलो साखर द्या’ म्हणतो, ‘दोन द्या’ म्हणून एककासाठी वेगळी चिठ्ठी देत नाही. पडद्यावर मात्र आकडा एका चौकटीत आणि एकक दुसऱ्या. का? तर आतल्या साठवणुकीत तसे ते वेगळे ठेवणं सोयीचं असतं, बेरीज-गुणाकार करता येतात म्हणून. गोदामातली मांडणी जशीच्या तशी दुकानाच्या काउंटरवर आली. शिवाय हे दोन रकाने समान नाहीत. आकडा डॉक्टर भरते, एकक यंत्र भरतं, आणि यंत्राने भरलेलं एकक तिसऱ्याच एका रकान्यावर, वजनावर, अवलंबून असतं. तो तिसरा रकाना त्या वेळी कुणाच्या नजरेपुढे असेलच असं नाही.

डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अशा चुकांना ‘मोड’ची चूक असं नाव दिलं. कृती तीच, पण यंत्र वेगळ्या अवस्थेत असल्यामुळे अर्थ वेगळा. तुम्ही सगळे हा अनुभव रोज घेता. फोनवर मराठीत लिहायला बसायचं, कीबोर्ड इंग्रजीवर राहिलेला असतो, आणि भलतंच काहीतरी उमटतं. पण तिथे भलतंच उमटलेलं लगेच दिसतं. आपण हसतो, पुसतो, बदलतो. डोसच्या रकान्यात दोन्ही अवस्थांत ‘१६०’ हे अगदी ‘१६०’ सारखंच दिसतं. आमच्या मते खरा दोष इथे आहे. अवस्था बदलली आणि चेहरा बदलला नाही.

आता वादाचा मुद्दा. ही हकिकत आजवर अनेक सभांमधून सांगितली गेली आहे, आणि बहुतेक वेळा तिचं तात्पर्य एकच काढतात: इशाऱ्यांचा थकवा. लांडगा आला रे आला. वॉक्टरांनीच दिलेल्या माहितीप्रमाणे त्या रुग्णालयात महिन्याला सुमारे साडेतीन लाख औषधांच्या ऑर्डरी होत होत्या आणि फार्मासिस्टना जवळजवळ निम्म्यांवर इशारे येत. अशा पावसात कोण प्रत्येक थेंब बघणार? त्यातून किरकोळ जास्तीचा इशारा आणि चाळीसपट जास्तीचा इशारा दिसायला सारखेच. हे सगळं खरं आहे. पण आमची तक्रार अशी, की इशाऱ्यांपाशी थांबलं की रकाना सुटतो. इशारा हा नंतरचा. आधी पडद्याने एक गोंधळ निर्माण केला, मग त्या गोंधळावर दुसरी खिडकी उघडून सांगितलं, ‘सांभाळा हं.’ जिन्याची एक पायरी उंच बांधायची आणि तिथे ‘जपून’ अशी पाटी लावायची, तसं हे. पाटी मोठी करायची की लाल, यावर चर्चा चालू राहते. पायरी तशीच.

दुसरं एक आवडतं चित्र म्हणजे जेम्स रीझन यांचं भोकं असलेल्या चीजचं. प्रत्येक थराला भोकं असतात, ती एका ओळीत आली की अपघात आरपार जातो. हे चित्र उपयोगी आहे, पण इथे लावताना जरा थांबायला हवं. हे थर स्वतंत्र असतील असं ते चित्र गृहीत धरतं. या प्रकरणात ते होते का? फार्मासिस्टने पाहिली ती डॉक्टरच्या पडद्यावरूनच आलेली ऑर्डर. रोबोने हुकूम पाळला तो त्याच ऑर्डरचा. बारकोडने पुडी ताडून पाहिली ती ऑर्डरशी, रुग्णाच्या शरीराशी नाही. म्हणजे पहिल्या रकान्यानंतर जे थर आले त्यांतले निम्मे तरी त्याच रकान्याच्या नकला होत्या. खरा स्वतंत्र थर एकच होता, त्या परिचारिकेच्या मनातली शंका. आणि बारकोडने ‘बरोबर’ म्हणून नेमकी तीच शंका शांत केली.

हा एकाच रुग्णालयाचा विक्षिप्तपणा असता तर आम्ही व्याख्यान ठेवलं नसतं. त्याआधी आठ वर्षं, २००५ मध्ये, रॉस कॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास छापला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात संगणकीय ऑर्डरमुळे चुकांना वाट मिळते असे २२ प्रकार त्यांनी नोंदवले. त्यातला एक आम्हांला विशेष बोलका वाटतो. समजा, एखाद्या औषधाचा नेहमीचा डोस २० किंवा ३० मिलिग्रॅम आहे. पण औषध विभागाच्या साठ्यात गोळी १० ची. पडद्यावर मग १० दिसतं. तरुण डॉक्टर ते बघतो आणि समजतो, की किमान उपयोगी डोस १० असणार. साठ्याची माहिती त्याने सल्ला म्हणून वाचली. खोटं कुणीच बोललं नव्हतं. रकाना एका खात्यासाठी लिहिला गेला आणि वाचला दुसऱ्या खात्याने.

त्याच अभ्यासातलं आणखी एक. डोस बदलायचा असेल तर जुनी ऑर्डर बंद करणं आणि नवी देणं या दोन वेगळ्या कृती. डॉक्टरच्या मनात ‘बदल’ ही एकच क्रिया आहे. त्याने नवी ऑर्डर दिली, जुनी बंद करायची राहिली, दोन्ही डोस चालू. एका रुग्णाची सगळी औषधं बघायला वीसपर्यंत पडदे उलटावे लागत, त्यामुळे हे चटकन दिसतही नसे.

आपल्याकडची गोष्टही सांगून टाकतो. एका रुग्णालयात वॉर्डमधून औषध विभागाला पाठवायच्या इंडेंटमध्ये आम्ही ‘नग’ असा रकाना पाहिला. काही औषधांना नग म्हणजे गोळी, काहींना नग म्हणजे पट्टी, खरेदीच्या वेळी जसं नोंदलं असेल तसं. दहा गोळ्या मागवल्या की कधी दहा येत, कधी शंभर. सिस्टरना हे पाठ झालं होतं. नव्या आलेल्या मुलीला एक जुनी सिस्टर सांगत होती, ‘अगं, याला एकच टाक, एकात दहा येतात.’ बिल वाढायचं, परतीच्या नोंदी करायला लागायच्या, जीव कुणाचा गेला नाही. पण रकान्याचा अर्थ पडद्यावर नव्हता, तो त्या सिस्टरच्या डोक्यात होता. त्या निवृत्त झाल्या की काय, हे विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती.

मग दोष सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांचाच का? इथे घाईने निकाल देऊ नये. २००५ मध्येच पिट्सबर्गच्या बालरुग्णालयाचा एक अभ्यास आला आणि खळबळ उडाली. संगणकीय ऑर्डर सुरू झाल्यावर, इतर रुग्णालयांतून तिथे हलवलेल्या मुलांमधला मृत्युदर २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेलेला दिसला. त्यावर पुष्कळ टीका झाली, काळ तोकडा होता, हेही खरं. पण त्यात एक तपशील असा, की मूल प्रत्यक्ष पोचून त्याची पूर्ण नोंदणी होईपर्यंत ऑर्डर देताच येत नव्हती. पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच फोनवरून औषधं तयार ठेवायला सांगत. आता ‘दाखल’ हा रकाना भरल्याशिवाय पुढचा उघडत नव्हता. हिशोबाच्या दृष्टीने तर्कशुद्ध. गंभीर मुलाच्या दृष्टीने ती मिनिटं हातची गेलेली. पुढच्याच वर्षी सिएटलच्या बालरुग्णालयाचा अहवाल आला. त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर, आणि मृत्युदर वाढला नाही. त्यांनी पिट्सबर्गच्या अनुभवातून शिकून अतिदक्षता विभागासाठी ऑर्डरींचे संच आधीच तयार ठेवले होते. म्हणजे कंपनी कोरे रकाने विकते, त्यांचा अर्थ बऱ्याच अंशी रुग्णालयाची समिती ठरवते. सॅन फ्रान्सिस्कोतसुद्धा चाळीस किलोंची रेषा, पाच टक्क्यांचा नियम, आणि डोसला वरची अभेद्य मर्यादा न घालण्याचा निर्णय, हे तिन्ही रुग्णालयाचेच होते. मर्यादा का नव्हती? तर तिथे संशोधन चालतं, कधी असाधारण डोस द्यावे लागतात. कारण वाजवी होतं. तीनही निर्णय सुटे पाहिले तर वाजवीच होते. ते एकाच रकान्यात भेटतील, हे तीन वेगवेगळ्या बैठकांत कुणाला दिसणार?

कागदावर परत चला, असं आम्ही म्हणत नाही. कागदाच्या चुका आपण विसरलो आहोत इतकंच. इन्सुलिनच्या आकड्यापुढचं इंग्रजी यू हे अक्षर शून्य म्हणून वाचलं जाऊन दहाचे शंभर व्हायचे. १९९८ मध्ये डेव्हिड बेट्स आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनमध्ये दाखवलं, की संगणकीय ऑर्डरमुळे औषधांच्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्या. हे श्रेय द्यायलाच हवं. मात्र कागदाकडे एक गुण होता, तो पडद्याने वाटेत टाकून दिला, आणि तो आपल्या घराघरांत अजून आहे.

आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी आठवा. औषधाचं नाव, आणि पुढे १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आजीला वाचता येत नसलं तरी ती हे समजून घेते. या लिखाणात आकडा मिलिग्रॅमचा नसतो, तोंडात जाणाऱ्या गोळ्यांचा असतो. सॅन फ्रान्सिस्कोची ती ऑर्डर या पद्धतीने लिहून बघा. डॉक्टरला साडेअडतीस-शून्य-साडेअडतीस असं लिहावं लागलं असतं. पेन तिथेच अडलं असतं. तिचं ज्ञान तेच, थकवा तोच, दुपारची गडबड तीच. फक्त आकड्याचं एकक शरीराच्या जवळचं.

१-०-१ मध्ये सगळं आहे असंही नाही. गोळी ५०० ची की ६५० ची, हे त्यात नसतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे ही पद्धत दिवसापलीकडे बघू शकत नाही. मेथोट्रेक्सेट घ्या. संधिवाताला, सोरायसिसला हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो, आणि जगभर असे जीव गेले आहेत. सकाळ-दुपार-रात्रीच्या तीन घरांत ‘आठवडा’ बसवायचा कुठे? म्हणून चिठ्ठीवर वेगळं लिहावं लागतं, ‘फक्त रविवारी’, खाली दोन रेघा. पडद्यावरही हीच अडचण होती. वारंवारतेचा रकाना ‘रोज’पासून सुरू व्हायचा, कारण बहुतेक औषधं रोजचीच. मग अमेरिकेतल्या सुरक्षित औषधोपचार संस्थेने, आयएसएमपीने, शिफारस केली की तोंडाने घ्यायच्या मेथोट्रेक्सेटला आधीपासून भरलेली वारंवारता ‘आठवड्यातून एकदा’ हीच असावी, आणि कुणाला रोज द्यायचंच असेल, तर कर्करोगासारखं योग्य कारण नोंदवल्याशिवाय पडद्याने पुढे जाऊ देऊ नये. आम्हांला हा नमुना फार पटतो. इथेही रकाना स्वतःहून भरलेला येतो, जसा त्या मुलाच्या ऑर्डरमध्ये आला होता. फरक असा, की इथे ‘न बघता पुढे गेलं’ तर रुग्ण वाचतो. आधीपासून भरलेला रकाना म्हणजे रुग्णालयाने दिलेलं मत असतं, आणि दमलेला माणूस ते मत स्वीकारणार हे धरूनच ते द्यायला हवं.

शेवटचं एक प्रकरण, कारण त्यात हा प्रश्न न्यायालयात गेला. २०१७ च्या अखेरीस नॅशव्हिलमधल्या एका रुग्णालयात परिचारिकेला रुग्णाची घबराट कमी करणारं औषध कपाटातून काढायचं होतं. संगणकीय कपाट. तिने व्यापारी नावाची पहिली दोन इंग्रजी अक्षरं, व्ही आणि ई, टाकली. कपाट शोधत होतं मूळ रासायनिक नावांत. हवं ते औषध मिळेना, तेव्हा तिने मर्यादा ओलांडायचा पर्याय घेतला, पुन्हा तीच दोन अक्षरं टाकली, आणि वर आलेलं औषध निवडलं. ते होतं व्हेक्युरोनियम, स्नायू लुळे करणारं. रुग्ण दगावली. २०२२ मध्ये ज्युरीने परिचारिकेला दोषी ठरवलं. तिच्याकडून अनेक सावधगिऱ्या सुटल्या होत्या, कुपीवरचा इशारासुद्धा, हे आम्ही झाकत नाही. पण शोधाच्या रकान्याला दोन अक्षरं पुरेशी आहेत, हे कुणी ठरवलं होतं? तो रकाना साक्षीदाराच्या पिंजऱ्यातही आला नाही. आयएसएमपीची आजची शिफारस किमान पाच अक्षरांची आहे.

इथे थांबतो. तुमच्यापैकी जे रुग्णालयांत काम करतात त्यांना एक विनंती. उद्या चाचणीच्या खात्यावर ३९ किलोंच्या मुलाची एक ऑर्डर उघडा, मग वजन ४१ करा, आणि एककाच्या रकान्यात काय होतं, ते बदलताना पडदा तुम्हांला काही सांगतो का, हे बघा. अखेरीस किती गोळ्या जाणार हे कुठे दिसतं, आणि सही करण्याआधी दिसतं की नंतर, तेही टिपून ठेवा. आम्हांला कळवलंत तर पुढच्या वेळी त्यावर बोलता येईल.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या बाजूला हात वर आहे, त्यांच्याकडे माईक द्या.